जुन्या गाडीचे ब्रेक पॅड घरी बदलताय? मग पिना पण साफ करा

ठाण्याच्या घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, माजिवड्यापासून गायमुखपर्यंत क्लच-ब्रेक, क्लच-ब्रेक करतच जायचं असतं, वर चार महिने पाऊस आणि बाजूला खाडीची दमट हवा. अशा ठिकाणी दहा-बारा वर्षं जुन्या अल्टो, वॅगनआर, सँट्रोचे पुढचे पॅड लवकर संपणारच. पण बऱ्याच जणांचं म्हणणं असतं की नवीन पॅड टाकले तरी थोड्याच दिवसांत परत आवाज, परत गाडी एका बाजूला ओढते, आणि मग सगळे पॅडच्या कंपनीला शिव्या घालतात. माझ्या मते दहातल्या निम्म्या वेळा पॅडचा काही दोष नसतो, कॅलिपरच्या (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारी पकड) पिना जाम झालेल्या असतात आणि कोणी त्या उघडून बघितलेल्याच नसतात. म्हणून पॅड कसे बदलायचे ते सांगतोच, पण पिनांवर जरा जास्त बोलणार आहे.

आधी खरंच पॅड गेलेत का ते बघा. ब्रेक दाबल्यावर कीं-कीं असा बारीक आवाज येत असेल तर पॅड संपत आल्याचं सांगणारी पॅडवरची पत्री डिस्कला घासतेय. घर्र-घर्र असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज असेल तर उशीर झालाय, गाडी उभी करा. पावसाळ्यात सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला जो खर्र आवाज येतो तो मात्र रात्रीत डिस्कवर आलेल्या गंजाचा असतो, लगेच जातो, त्याला घाबरू नका. नवीन पॅडचं मटेरियल साधारण १० मिमी जाड असतं, ते ३ मिमीवर आलं की बदला. मागची लोखंडी पट्टी त्यात मोजायची नाही.

पॅड घेताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष दोन्ही सांगा, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार कॅलिपर वेगळे आलेत. शंका असेल तर जुना पॅड काढून दुकानात घेऊन जा. बिल मागा, डुप्लिकेट माल भरपूर आहे आणि ब्रेकमध्ये शे-दोनशे वाचवू नका. पॅड कायम दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे, एकाच बाजूचे टाकले की गाडी ओढणार.

सामान फार लागत नाही: जॅक, जॅक स्टँड, चाकाचा पाना, पानांचा सेट, मोठा सी क्लॅम्प, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, सिरिंज, ब्रेक क्लीनरचा स्प्रे आणि सिलिकॉन ग्रीस. साधं पिवळं ग्रीस चालणार नाही, त्याने पिनांचे रबर फुगतात. स्टँड नसेल तर काम करूच नका, गाडीबरोबर येतो तो जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर हात आत घालायचा नाही.

जागा सपाट हवी. सोसायटीच्या पोडियमचा उतार किंवा रॅम्प नको, आणि पेव्हर ब्लॉक असतील तर जॅकखाली जाड फळी ठेवा नाहीतर जॅक रुततो. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. चाकाचे नट गाडी खाली असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, मग उचला, स्टँड लावा आणि काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवा. स्टिअरिंग वळवलं की कॅलिपर तुमच्या समोर येतो. एका वेळी एकच बाजू खोला, अडलं तर दुसरी बाजू बघून जोडता येतं.

कॅलिपरच्या मागे दोन बोल्ट असतात. बहुतेक छोट्या गाड्यांत खालचा एक काढला की कॅलिपर वर उचलला जातो. पूर्ण काढलात तर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवा, ब्रेकच्या पाइपवर लटकत सोडू नका. पॅड बाहेर आले की फेकायची घाई करू नका, आतला आणि बाहेरचा शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही सारखे झिजले असतील तर छान. आतला, म्हणजे पिस्टनच्या (पॅड ढकलणारा कॅलिपरमधला दट्ट्या) बाजूचा, पार संपलाय आणि बाहेरचा अर्धा शिल्लक आहे, किंवा पॅड एका टोकाला तिरका झिजलाय, तर पिना अडकल्यात असं समजा. कारण असं की पिस्टन एकाच बाजूने ढकलतो आणि दुसऱ्या बाजूचा पॅड डिस्कला लागण्यासाठी अख्खा कॅलिपर या पिनांवर सरकावा लागतो. तो सरकलाच नाही तर सगळं काम एकटा आतला पॅड करतो.

पिना बाहेर ओढून काढा. चांगली पिन बोटाने ढकलली की सर्रकन आत जाते आणि हवेमुळे थोडी परत बाहेर येते. खराब झालेलीवर काळं वाळलेलं ग्रीस आणि तपकिरी गंज चिकटलेला दिसेल, कधी कधी पकडीने फिरवून फिरवून काढावी लागते. पुसा, बारीक पॉलिश पेपर मारा, भोकाच्या आतपण क्लीनर मारून कापड फिरवा, मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर. खड्डे पडले असतील तर पिन बदला, रबर फाटलं असेल तर तेही बदला कारण पाणी तिथूनच शिरतं. वरची पिन वर आणि खालची खालीच, काही गाड्यांत दोन्ही वेगळ्या असतात. पॅडचे कान जिथे बसतात त्या खाचांतला गंजपण तारेच्या ब्रशने काढा, नवीन पॅड तिथे हाताने सरकला पाहिजे, हातोडी लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

डिस्क बघा. तिच्यावर कमीत कमी जाडी कोरलेली असते, त्याच्या खाली गेली असेल किंवा नखाला अडकतील अशा खोल रेघा असतील तर बदला.

आता पिस्टन आत ढकलायचा. आधी ब्रेक ऑईलच्या डब्याचं झाकण उघडा, ऑईल वर चढतं, जास्त झालं तर सिरिंजने काढा. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उडतो. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी क्लॅम्पने हळूहळू दाबा. अजिबात जात नसेल तर कॅलिपरवरचा हवा काढायचा निप्पल किंचित सैल करून बघा, मग सहज गेला तर पाइप आतून बंद झालाय, तरीही नाही गेला तर पिस्टनच जाम आहे. दोन्हीपैकी काही निघालं किंवा निप्पल उघडला असेल तर नंतर हवा काढावी लागते, सवय नसेल तर इथे मेकॅनिकला बोलवा.

नवीन पॅड बसवा, बोल्ट घट्ट करा, चाक लावा, नट समोरासमोरचे कसा. गाडी सुरू करून हलवायच्या आधी पेडल पंप करा, पहिले काही वेळा ते तळाला जाईल, कडक होईपर्यंत दाबत राहा. हे विसरलात तर पार्किंगमधल्या पहिल्याच खांबाला गाडी लागेल.

मग रविवारी सकाळी वागळे इस्टेटच्या रिकाम्या रस्त्यांवर ४० च्या स्पीडवरून १० पर्यंत हळू आणा, पूर्ण थांबवू नका, मध्ये थोडं थंड होऊ द्या, असं आठ-दहा वेळा केलं की पॅड डिस्कवर नीट बसतात. पहिले काही दिवस ब्रेक थोडा कमी लागल्यासारखा वाटतो, अंतर जास्त ठेवा.

मागच्या ड्रम ब्रेकचे लायनर (तिथे पॅडचं काम करतात ते) घरी करायला मी सांगणार नाही, स्प्रिंगा, ॲडजस्टर, हँडब्रेकची केबल, सगळं एकात एक गुंतलेलं असतं. फक्त मेकॅनिकने ड्रम उघडला की त्यातल्या ब्रेक सिलेंडरचं रबर उचलून बघायला सांगा, आत ओल दिसली तर लीक आहे. आणि हवा मारून धूळ उडवू देऊ नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, ओल्या फडक्याने पुसायला सांगा.

राहिलं ब्रेक ऑईल. ते हवेतलं पाणी ओढतं, आपल्याकडच्या दमट हवेत तर जास्तच. डॉट ३ ग्रेडचं ऑईल नवीन असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरलं की हा आकडा १४० पर्यंत येऊ शकतो. नाशिकहून येताना कसारा घाटात सतत ब्रेक दाबून उतरलात तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम पोकळ लागतं. दर दोन वर्षांनी बदला, उघडी बाटली ठेवून पुढच्या वेळी वापरू नका, आणि डब्याच्या झाकणावर डॉट ३ लिहिलंय की डॉट ४ ते वाचूनच घ्या. घाटात उतरताना खालचा गिअर टाका.