घराभोवतीच्या जिवांची चित्रवही सगळ्यांनी मिळून कशी ठेवावी

‘आमच्याकडे कुणालाच चित्र काढता येत नाही’ असं सांगणारी घरं या उद्योगासाठी उत्तम. ज्याचा हात सराईत असतो तो समोरच्या चिमणीकडे फारसं न बघता पाठ असलेली चिमणी काढून मोकळा होतो. ज्याला येत नाही त्याला बघावंच लागतं. ही वही सुंदर चित्रांची नाही. अंगणात, गॅलरीत किंवा खिडकीबाहेर काय दिसलं याची ती चित्रांतून केलेली नोंद आहे. एवढं एकदा घरात सगळ्यांना पटलं की निम्मं काम झालं.

वही आणि पेन्सिल

प्रत्येकाला वेगळी वही देऊ नका. अख्ख्या घराची एकच वही ठेवा. आजोबांच्या थरथरत्या रेघेशेजारी नातीचा ठसठशीत कावळा आला की वहीत जीव येतो, आणि एकाने बघितलेलं दुसऱ्यापर्यंत आपोआप पोहोचतं. कागद बिनरेघी आणि जरा जाड असावा. १२० ते १५० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन इतके ग्रॅम) कागद पेन्सिलीला आणि हलक्या जलरंगांना पुरतो. आकार ए-५ (नेहमीच्या ए-४ कागदाच्या निम्मा), म्हणजे एका हातात वही धरून दुसऱ्या हाताने काढता येतं. एक एचबी (नेहमीची) आणि एक २बी (जरा मऊ आणि गडद) पेन्सिल घ्या. खोडरबर मात्र सुरुवातीला लपवूनच ठेवा. चुकलेली रेघ राहू द्यायची आणि तिच्या शेजारी बरोबर रेघ मारायची, कारण खोडत बसलं की पक्षी उडून जातो.

वही कपाटात गेली की संपली. येता-जाता हाताला लागेल अशा जागी ती ठेवा आणि पेन्सिल दोरीने तिला बांधून टाका.

एक जागा ठरवा

घरभर हिंडत शोधण्यापेक्षा एकच कोपरा निवडा: एखादी खिडकी, एखादं झाड, दोन-चार कुंड्या. तीच जागा पुन्हा पुन्हा बघितली की काय नेहमीचं आणि काय नवं हे कळायला लागतं. पक्ष्यांसाठी सूर्योदयानंतरचे पहिले एक-दोन तास सगळ्यात चांगले, भर दुपारी बरेचसे गप्प बसतात. खिडकीतून बघत असाल तर खोलीतला दिवा बंद ठेवा, म्हणजे बाहेरून तुमची हालचाल कमी दिसते.

चित्राआधी पानाच्या कोपऱ्यात पाच गोष्टी लिहायच्या: तारीख, वेळ, हवामान, जागा आणि बघणाऱ्याचं नाव. मुलांना याचा कंटाळा येतो, पण इथे सवलत देऊ नका. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल (१८७७–१९३९) आपल्या सहकाऱ्यांकडून अशा काटेकोर नोंदींचा आग्रह धरत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या वह्या हाताशी धरून २००३ पासून संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या त्याच जागा पुन्हा धुंडाळल्या आणि तिथले प्राणी कसे सरकले, कुठे कमी झाले हे पडताळून पाहिलं. तारीख आणि जागा लिहिली नसती तर त्या वह्यांचा एवढा उपयोग झाला नसता.

हलणारा प्राणी कागदावर कसा धरायचा

इथे जरा वेळ द्या. सगळे अडतात ते इथेच.

पहिल्यांदा डोळे, चोच, पिसं यांच्या नादी लागू नका. पाठीची एक तिरकी रेघ मारा: पक्षी उभा ताठ आहे की आडवा, एवढंच तिने सांगायचं. त्या रेघेवर अंगासाठी एक लंबगोल, डोक्यासाठी एक लहान गोल. मग शेपटीचा कोन. इतकं दहा सेकंदांत होतं आणि एवढ्यावरूनही कावळा आणि कबुतर वेगळे ओळखू येतात. डोकं अंगाच्या मानाने केवढं, चोच डोक्याच्या मानाने केवढी, हे बघायची सवय लागली की चित्र आपोआप सुधारतं. नवखे लोक बहुतेकदा डोकं फार मोठं आणि पाय भलत्याच ठिकाणी काढतात.

पक्षी हलला तर चित्र अर्धवट सोडा आणि शेजारी नवं सुरू करा. एका पानावर चार-पाच अपुरी चित्रं असली तरी बिघडत नाही. पक्षी त्याच त्या ढबी पुन्हा घेतो. मान वळवली की मान वळवलेल्या चित्राकडे जा, खाली वाकला की वाकलेल्याकडे. चालणारं कबुतर तर तुम्हाला मदतच करतं. त्याचं डोकं सतत हलतंय असं वाटतं, पण ते पुढे झटकलं जातं आणि अंग पुढे येईपर्यंत क्षणभर जागच्या जागी थांबतं. त्या क्षणी बघून घ्यायचं.

आकार बसला की मगच खुणा, आणि त्याही शब्दांत लिहिल्या तरी चालतील. ‘गळ्याखाली काळं’, ‘डोक्यावर राखाडी’ असे बाण काढून लिहा. घरचिमण्यांत नराला हे दोन्ही असतं. मादी साधी तपकिरी, डोळ्यामागे फिकट पट्टी. एवढं कळलं की मुलं ‘चिमणी आली’ असं न म्हणता कोण आलं ते सांगायला लागतात.

लहान मुलं आणि लहान जीव

पाच-सहा वर्षांच्या मुलांना पक्षी अवघड जातो. त्यांना मुंगी, कोळी, गोगलगाय द्या. एक साधं भिंग पुरे. काढायच्या आधी मोजायला सांगा. मुंगीचे सहाही पाय शरीराच्या मधल्या भागाला जोडलेले असतात, मुलं मात्र ते हमखास सगळ्या अंगभर वाटून टाकतात. कोळ्याला पाय आठ आणि शरीराचे भाग दोनच. बागेतल्या गोगलगायीला शिंगांच्या दोन जोड्या असतात, आणि डोळे असतात वरच्या लांब जोडीच्या टोकाला. शंख कुठल्या बाजूने वळतो तेही बघा. बहुतेक जमिनीवरच्या गोगलगायींचा शंख उजवा असतो (टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की तोंड उजव्या बाजूला येतं), म्हणून डावा सापडला तर पानभर चित्र काढायला हरकत नाही. कोळ्याचं जाळं दिसत नसेल तर हात न लावता त्याच्यामागे काळा कागद धरा.

सुरवंट काढाल तर ज्या पानावर सापडला तेही काढा. जर्मनीत जन्मलेल्या मारिया सिबिला मेरियन (१६४७–१७१७) यांनी वयाच्या तेराव्या वर्षी रेशमाचे किडे निरखायला सुरुवात केली. पुढे अंडं, सुरवंट, कोष, फुलपाखरू आणि त्यांचं खाद्यझाड हे सगळं एकाच चित्रात दाखवण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. घरी ते करून बघता येतं: एक मोठं पान राखून ठेवायचं आणि तोच सुरवंट वाढेल तशी चित्रं त्यावर भरत जायची. त्याला झाडावरच राहू द्या. डब्यात ठेवायचाच असेल तर जाळीचं झाकण, रोज त्याच झाडाची ताजी पानं आणि पुरेशी उंची हवी, कारण बाहेर आलेलं फुलपाखरू ओले पंख लोंबकळत ठेवून पसरवतं. जागा कमी पडली तर पंख वाकडेच वाळतात. केसाळ सुरवंटांना बोट लावू नका, खाज सुटते.

ज्याला चित्र नकोच असेल त्यालाही काम आहे. एकाने घड्याळ लावायचं, एकाने आवाज ऐकून लिहायचे, एकाने मोजायचं. आणि प्रत्येक पानावर निदान एक प्रश्न असावा: ‘हा कावळा पाण्यात काय बुडवत होता?’ उत्तर लगेच शोधू नका. आई-बाबांना हे जड जातं, मोबाइलकडे हात जातोच. चार दिवस प्रश्न तसाच राहिला तर मुलं स्वतःच पुन्हा बघायला जातात.

पाहुणे यावेत म्हणून

उथळ ताटलीत पाणी, बस. खोली दोन ते पाच सेंटिमीटर, मध्ये एक खडबडीत दगड. पाणी एक-दोन दिवसांत बदला आणि ताटली घासा, नाहीतर डास तिथे अंडी घालतील. खिडकीच्या काचेवर पक्षी आपटत असतील तर बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके लावा. एखादंच चित्र चिकटवून भागत नाही. घरात मांजर असेल तर बघायच्या वेळी तिला आत ठेवा. घरटं दिसलं तर दुरूनच काढा. पिसं फुटलेलं पिल्लू जमिनीवर उड्या मारताना दिसलं तर उचलायची घाई नको, आई-बाप बहुधा जवळच असतात.

नावं आणि नोंदी

नाव सगळ्यात शेवटी शोधा. आधी नाव कळलं की डोळे बघायचे थांबतात. चित्र आणि खुणा झाल्यावर पुस्तकात पडताळा, किंवा फोटो असेल तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. २००८ मध्ये सुरू झालेल्या या व्यासपीठावर इतर लोक ओळख पटवून देतात. फेब्रुवारीतल्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या पक्षीमोजणीतही भाग घेता येतो. ही मोजणी १९९८ मध्ये उत्तर अमेरिकेत सुरू झाली आणि २०१३ पासून जगभर खुली आहे. एका जागी किमान पंधरा मिनिटं बसून मोजायचं, एवढीच अट. रोज खिडकीत बसणाऱ्या घराला ती मुळीच जड नाही. ऑनलाइन नोंद टाकताना मात्र ठिकाण अंधूक ठेवायचा पर्याय निवडा, म्हणजे घराची नेमकी जागा नकाशावर दिसत नाही. मुलांचे चेहरे असलेले फोटो वहीतच चिकटवा.