बर होलनंतरची रात्र: न्यूरोसर्जरीत नव्याने येणाऱ्यांसाठी

मुंबईतल्या पालिका रुग्णालयात न्यूरोसर्जरीला लागलात की क्रॉनिक सबड्युरलचे (मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचलेल्या जुन्या रक्ताचे) आजोबा लवकरच भेटतील. मागे कधीतरी न्हाणीघरात घसरलेले, आता चालताना झोक जातो. बर होल, म्हणजे कवटीला छोटं भोक, पाडायचं, जुनं रक्त धुऊन काढायचं, ड्रेन (उरलेला द्रव बाहेर काढणारी नळी) ठेवायचा. ऑपरेशन सोपं समजलं जातं, म्हणून नवख्याच्या हाती लवकर येतं.

त्याच जागी पुन्हा रक्त साचतं हे सगळे जाणतात. क्वचित मात्र भोक वर पाडलेलं असतं आणि रक्तस्राव होतो पार मागे, लहान मेंदूत. याला रिमोट सेरेबेलर हॅमरेज म्हणतात. सीएसएफ (मेंदूभोवतीचं पाणी) फार वाहून गेलं की लहान मेंदू खाली सरकतो आणि त्याच्या वरच्या शिरा ताणल्या जातात, असं बहुतेक जण मानतात. म्हणून राउंडला ड्रेनची पिशवी स्वतः बघा. काळपट तेलकट द्रवाऐवजी स्वच्छ पाणी भराभर येत असेल तर सीनियरला लगेच कळवा. अर्थात, भीतीपोटी ड्रेनच टाळू नका: २००९ साली प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्या चाचणीत ड्रेनमुळे रक्त पुन्हा साचण्याचं प्रमाण २४ टक्क्यांवरून ९.३ टक्क्यांवर आलं होतं.

खरी फसगत रात्री होते. नातेवाईक सांगतात, "आत्ताच डोळा लागलाय, उठवू नका डॉक्टर." उठवायचंच. हातापायांची ताकद दोन्हीकडे सारखी भरते आणि आपण निश्चिंत होतो. पण लहान मेंदूतल्या रक्तस्रावात ती शाबूत राहू शकते. उलटी झाली का, जीभ जड झाली का, डोळे थरथरतात का, ते बघा. शंका आली की सीटी, मग ट्रॉलीसाठी वॉर्डबॉयला कितीही हाका माराव्या लागोत. लहान मेंदूच्या घड्यांत रक्ताचे पांढरे पट्टे दिसतात, तोच झेब्रा साइन. थोडं रक्त असेल तर बहुधा बीपी सांभाळून, नजर ठेवून भागतं. चौथं व्हेंट्रिकल (लहान मेंदूपुढची पाण्याची पोकळी) दाबलं जाऊन पाणी तुंबलं, तर ईव्हीडी (ते पाणी बाहेर काढणारी नळी) किंवा मागून डीकम्प्रेशन (कवटी उघडून दाब कमी करणं) लागतं.

आणि ऑपरेशनआधी गोळ्यांची पिशवी मागवा. "रक्त पातळ करायची गोळी घेता?" याला "नाही" येतं, "अँजिओप्लास्टी झालीय?" याला "हो, मागेच", म्हणजे गोळ्या चालू असू शकतात. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेलवर आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) नॉर्मल येतो, प्लेटलेटची संख्याही नॉर्मल येते, पण त्या प्लेटलेट आठवडाभर धड काम करत नाहीत. गोळी कधी थांबवायची हे मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.