घराला खेटून असलेलं मोडकं झाड पाडताय? या चुका टाळा

वादळात अर्धवट मोडलेलं झाड घराकडे कललं की लोक आधी विचारतात, "करवत कुठली आणू?" त्याआधी विचारायला हवं की हे झाड उभंच्या उभं पाडता येईल का. इमारतीजवळ बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच असतं. असं झाड वरून तुकड्या-तुकड्यांनी उतरवावं लागतं. त्यासाठी दोरावर काम करणारा माणूस नाहीतर बकेटची गाडी (माणसाला बादलीसारख्या पाळण्यातून वर उचलणारी) लागते. हे दोन दिवसांचं काम दुपारच्या जेवणाआधी उरकू म्हणणाऱ्यांच्या वाटेला मी जात नाही.

मोडक्या झाडाला धडधाकट झाडाचा हिशोब लावणं

ही चूक माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाते. झाड पाडण्याची रीत सगळ्यांना तोंडपाठ असते. ज्या बाजूला पाडायचं तिकडे बुंध्याच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी खाच घ्यायची, मग मागून कापत यायचं आणि मधे जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी लाकडाची पट्टी शिल्लक ठेवायची. दाराच्या बिजागरीसारखी ही पट्टी वाकत जाते आणि झाडाला दिशा देते. पण लाकूड कुजलेलं असेल तर ती वाकत नाही, कट्कन तुटते. मग झाड कुठे पडेल हे तुमच्या हातात राहत नाही.

एका घरामागचं काम बिघडल्यावर मला बोलावलं होतं. झाडाचं जोडखोड (एकाच बुंध्यातून फुटलेली दोन खोडं) मधोमध चिरलेलं, पण साल बाहेरून ठणठणीत. कापणाऱ्याने खाच मोकळ्या अंगणाकडे नीट घेतली होती. पुढे घाई झाली. मागचा काप सरळ न ठेवता एका बाजूने तो खाचेपर्यंत आरपार नेला. झाड अंगणात न जाता गर्रकन वळलं आणि गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी घेऊन खाली आलं. खुंट पाहिला तेव्हा सगळं कळलं. कडेला जेमतेम तीन बोटं चांगलं लाकूड, आत चुरा झालेला तपकिरी भुसा. डाव्या कडेचा काप गुळगुळीत, उजव्या कडेला मात्र ओढून तुटलेले लांब लांब धागे. धरून ठेवणारं लाकूड फक्त उजवीकडे उरलं होतं, म्हणून झाड तिकडेच ओढलं गेलं. माणूस वाचला, कारण करवत टाकून तो वेळेवर पळाला.

मी आधी लाकडी हातोडीने बुंधा चहूबाजूंनी ठोकतो. टणक आवाज ठीक, पोकळ 'धप्प' आला की शंका. मग बारीक ड्रिल मारून भुसा बघतो. स्वच्छ, ताजा भुसा आला तर बरं. तपकिरी चुरा आला किंवा ड्रिल एकदम सुळकन आत गेलं, तर त्या झाडाला मी खालून करवत लावत नाही. बुंध्याशी कडक अळंबी उगवलेली असेल किंवा कलाच्या उलट बाजूला माती उचलून भेगाळली असेल, तर ड्रिलपर्यंतही जायला नको.

दोर बांधला म्हणजे झालं

नाही झालं. घरातली नायलॉनची दोरी रबरासारखी ताणते आणि तुटली की चाबकासारखी परत येते. दोर झाडाच्या उंचीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास, धडधाकट भागावर बांधावा. बुटक्या बुंध्याला बांधून ओढणं म्हणजे नुसता घाम गाळणं. दोर झाडाच्या उंचीपेक्षा बराच लांब हवा, नाहीतर ओढणारा शेंड्याखाली सापडतो. जमेल तिथे कप्पी लावून दोराची दिशा बदलावी आणि ओढणाऱ्याला पडण्याच्या रेषेबाहेर ठेवावं.

जीप लावून खेचणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. काप पुरा व्हायच्या आत गाडीने हिसका दिला की बुंधा उभा फाटतो, आणि फाटलेला अर्धा भाग कापणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर मागे उसळतो. खूप कललेल्या झाडात तर हे दोराशिवायही होतं. मी हाताचा विंच, म्हणजे हाताने चालवून दोर ओढायचं यंत्र, वापरतो. हळू चालतो, म्हणूनच.

बाकीच्या, थोडक्यात

उंची डोळ्यांनी मोजू नका. हाताच्या लांबीएवढी काठी हात ताणून उभी धरा आणि काठीने झाड वरपासून खालपर्यंत बरोबर झाकलं जाईल तिथपर्यंत मागे सरका. सपाट जमिनीवर तिथून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. त्याच्या दुप्पट अंतरात कामावरच्या माणसांशिवाय कोणी नको, व्हरांड्यात खुर्ची टाकून बघणारे काकासुद्धा नकोत.

वर अडकलेली तुटकी फांदी आधी शोधा. करवतीच्या थरथरीने ती सुटते.

विजेची तार जवळ असेल तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत झाडाला हात लावू नका.

शिडीवर उभं राहून चेनसॉ (यंत्रावर चालणारी साखळी-करवत) चालवायची नाही. यावर चर्चा नको.

पळायच्या वाटा आधी मोकळ्या करा. पडण्याच्या दिशेच्या बरोबर उलट नाही, मागे तिरक्या, दोन्ही बाजूंना.

चेनसॉचं टोक लाकडात खुपसू नका. टोकाचा वरचा भाग अडला की पातं थेट तोंडाकडे उसळतं.

आणि झाड आडवं झालं की टाळ्या पिटत फांद्यांवर तुटून पडू नका. खाली दबलेल्या फांद्या धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात. आतल्या, दाबलेल्या बाजूला आधी थोडा काप द्या, मग बाहेरून, आणि उभं राहायचं ते फांदी सुटेल त्या बाजूला नाही.