सेल्फ लागत नाही? नवी बॅटरी घ्यायच्या आधी या चुका टाळा

जुनी मारुती ८००, ओम्नी किंवा जीप सेल्फ घेईना झाली की लोक ठरलेली दोन कामं करतात. नवी बॅटरी आणतात, आणि तरी भागलं नाही तर सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी स्टार्टर मोटर, उतरवून कामाला टाकतात. दोन्हीकडे पैसे जातात आणि आठवडाभरात पुन्हा तेच कट-कट-कट. वीस-पंचवीस वर्षं पावसात काढलेल्या गाडीत दोष बहुतेक वेळा वायरिंगमध्ये असतो, आणि तो शोधायला एक साधा मल्टिमीटर आणि थोडा धीर पुरतो. धीरच कोणाकडे नसतो, याचं मला वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य: "हेडलाइट लख्ख लागतात, म्हणजे बॅटरी ओके आहे." साठ वॅटचा बल्ब पाच अँपिअर घेतो. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभरच्या आसपास ओढतो, डिझेल जीपचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. त्यामुळे लाइट नुसते लावून काही कळत नाही, ते लावून सेल्फ मारा. लाइट पूर्ण विझले तर बॅटरी किंवा टर्मिनल तपासा. जराही मंद झाले नाहीत तर सेल्फपर्यंत करंट पोचतच नाहीये.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो, तो म्हणजे अर्थिंग. प्लसची जाड वायर सगळे बघतात. पण करंटला इंजिनमधून बॅटरीच्या मायनसला परत यायचं असतं, आणि त्या वाटेवरची अर्थपट्टी, म्हणजे इंजिन किंवा गिअरबॉक्सला बोल्टने आवळलेली मायनसची पट्टी, कोणी बघत नाही. कोकणातल्या खाऱ्या हवेत तिच्या बोल्टखाली गंज धरतो, वरून मात्र ती ठणठणीत दिसते.

एक कार्बुरेटरवाली ८०० आमच्याकडे आली होती. सकाळी एका झटक्यात चालू, दुपारी गरम झाली की नुसता कट-कट आवाज. बॅटरी नवी, सेल्फचं कामही करून झालेलं. मालक बोलता बोलता सहज म्हणाले, "क्लचप्लेट बदलल्यापासून क्लचही जड झालाय. केबल नवी टाकली, तीही जड झाली." हे ऐकल्यावर मी बॉनेट उघडून त्यांना सेल्फ मारायला सांगितलं आणि क्लच केबलला बोट लावलं. चटका बसला. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर आणि लाल पिन गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर धरली, तर सेल्फ मारताना तीन व्होल्टच्या वर आकडा! तिथे ०.२ च्या आत हवा. क्लचप्लेटचं काम करणाऱ्याने गिअरबॉक्स उतरवताना अर्थपट्टी काढली आणि परत लावलीच नव्हती. सेल्फचा सगळा करंट क्लच केबलमधून परत येत होता. केबल काढून चिरली, तर आतलं प्लॅस्टिक वितळून तारेला चिकटलेलं. पट्टीची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, बोल्ट आवळला, केबल पुन्हा नवी टाकली. सेल्फ आणि क्लच दोन्ही तक्रारी संपल्या.

म्हणून माझी सवय अशी: इंजिन किंवा गिअरबॉक्सचं कुठलंही काम होऊन आलेली गाडी असली की आधी अर्थपट्टी, मग बाकीचं.

जाड वायर ओहमवर तपासू नका. आतल्या तारा कुजून मोजक्या उरल्या असल्या तरी मीटर शून्यच दाखवतो. शंभर अँपिअरला ०.०१ ओहमचा अडथळासुद्धा एक व्होल्ट खातो, आणि तो साध्या मीटरला दिसत नाही. मीटर व्होल्टवर ठेवा, इग्निशन कॉइलची वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि सेल्फ मारताना मोजा. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर वायर किंवा थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली, बोल्टवर बसणारी धातूची कडी) बदला. खुद्द बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली गेली, तर मात्र खुशाल बॅटरीला दोष द्या.

सोलेनॉइडवर, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचवर, स्क्रू ड्रायव्हर आडवा लावून गाडी चालू करायची सवय तर सोडाच. गाडी गिअरमध्ये राहिली तर ती थेट अंगावर येते. शिवाय घाईत लोक दोन जाड बोल्ट जोडतात. मोटर गरगर फिरते, पण सोलेनॉइड ओढला न गेल्याने पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) पुढे सरकत नाही, आणि मग रिंग गिअरचे (ते ज्यात अडकून इंजिन फिरवतं त्या मोठ्या दातेरी कड्याचे) दात गेले म्हणून गाडी खोलायला घेतात. चाचणी करायची तर गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली दगड, आणि बॅटरीच्या प्लसमधून पुश बटण लावलेली वायर सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला. एवढं केल्यावर सेल्फ जोमात फिरला, तर दोष चावीच्या स्विचमध्ये किंवा तिथून येणाऱ्या वायरमध्ये आहे.

अशा वेळी बरेच जण डॅशबोर्डला भोक पाडून घरातल्या बेलचं बटण बसवतात. मला हे अजिबात पटत नाही. सोलेनॉइड ओढताना लागणारा करंट ते बटण आणि ती बारीक वायर सोसत नाही. तीस अँपिअरचा रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच, लावा. त्याच्या पिनांवर नंबर असतात: चावीची जुनी वायर ८६ ला, ८५ अर्थला, ३० ला बॅटरीतून फ्यूज घालून प्लस, ८७ सोलेनॉइडला. चावी शाबूत राहते आणि काम पक्कं होतं.

बाकीचं थोडक्यात. टर्मिनल काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. थिंबलमध्ये वायर मावत नाही म्हणून तारा कापू नका, मोठा थिंबल आणा. ग्रीस टर्मिनल आवळल्यावर वरून लावा. दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. मूळ ६ व्होल्टची विलिज जीप तशीच ठेवायची असेल, तर १२ व्होल्टच्या गाडीची वायर घालू नका. तेवढ्याच ताकदीला दुप्पट करंट लागतो, वायर तेवढी जाड हवी.

हे सगळे आकडे बरोबर आले आणि तरी एकच 'टक' होऊन सेल्फ गप्प बसला, तर मग तो उतरवा. कार्बन, बुश आणि सोलेनॉइडच्या आतले कॉन्टॅक्ट तपासायला सांगा, आणि काढलेले जुने पार्ट समोर मागून घ्या.