तोंडाच्या दुर्गंधीचं मीटर वापरताय? मोजताना या चुका टाळा

सकाळी दात घासले, माऊथवॉशने खळखळून चूळ भरली आणि लगेच मीटरवर फुंकर मारली. ० ते ५ च्या पट्टीवर आकडा आला ४. मीटर घेतल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यातली ही गोष्ट. अर्धा दिवस मी कोणाशी समोरासमोर बोलले नाही, बोलले तेव्हा तोंडावर हात धरला. दुपारी जेवायच्या आधी पुन्हा मोजलं तर आकडा १. तोंड तेच आणि मीटरही तेच, माझी मोजायची वेळ तेवढी चुकली होती.

हे का होतं ते एकदा कळलं की निम्म्या चुका आपोआप टळतात. बऱ्याच घरगुती मीटरमध्ये टिन ऑक्साइडचा छोटा सेन्सर असतो. चालू केल्यावर तो तापतो, म्हणून फुंकर मारण्याआधी काही सेकंद थांबावं लागतं. त्याच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन धरलेला असतो. तोंडातले गंधकयुक्त वायू तिथे पोचले की तो ऑक्सिजन वापरला जातो, सेन्सरमधून वीज जास्त सहज वाहते आणि त्यावरून आकडा ठरतो. पण अल्कोहोलची वाफही नेमकं हेच करते, आणि सेन्सरला दोन्हींतला फरक कळत नाही. माझा ४ हा माऊथवॉशमधल्या अल्कोहोलचा होता. हाताला सॅनिटायझर चोळून लगेच मीटर उचललं, मनगटावर अत्तर असलं किंवा मीटर स्पिरिटने पुसलं, तरी असाच खोटा आकडा येऊ शकतो. मीटर कोरड्या फडक्याने पुसा.

मोजायची वेळ

मोजण्याआधी किमान २ तास खाणं, चहा-कॉफी, ब्रश, माऊथवॉश, च्युइंगगम, धूम्रपान यांतलं काहीही नको. लसूण-कांदा खाल्ला असेल तर मी दोन दिवस मोजतच नाही. लसणातला एक गंधकयुक्त घटक पोटातून रक्तात, रक्तातून फुप्फुसांत जातो आणि श्वासावाटे कित्येक तास बाहेर पडत राहतो. तो ब्रशने जात नाही, आणि तोंडाच्या आरोग्याबद्दल काही सांगतही नाही.

उठल्या उठल्या मोजून घाबरणारेही खूप आहेत. झोपेत लाळ फार कमी सुटते, जिवाणूंना मोकळं रान मिळतं. सकाळचा आकडा जवळपास सगळ्यांचाच वाढलेला असतो. रोज एकच वेळ ठरवा आणि कालच्या सकाळची तुलना आजच्या सकाळशीच करा.

फुंकर

मेणबत्ती विझवतो तशी जोरात फुंकर मारली की फुप्फुसातली भरपूर हवा येते, तोंडातला वायू तिच्यात विरून जातो आणि आकडा उगाच कमी दिसतो. तोंड एक मिनिट मिटून ठेवा, नाकाने श्वास घ्या, बोलू नका. मग पुस्तिकेत दिलेल्या अंतरावरून हळूच श्वास सोडा. आधी फुंकर मारलेली असेल तर सेन्सरच्या जाळीवर उजेड पाडून बघा, बारीक दव जमलेलं दिसतं. तो ओलावा आकडा बिघडवतो. मीटर चार-पाच वेळा झटका, थोडा वेळ जाऊ द्या, मगच पुन्हा मोजा. मी काही मिनिटांच्या अंतराने तीनदा मोजते आणि मधला आकडा धरते.

आकडा नक्की कशाचा?

सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. तोंडाच्या दुर्गंधीत तीन वायू मुख्य असतात: हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन आणि डायमिथाइल सल्फाइड. या तिघांचा वास नाकाला सारख्या प्रमाणात जाणवत नाही. ओरलक्रोमा हे यंत्र तिन्ही वायू वेगळे करून मोजतं. त्यात वास जाणवू लागण्याची पातळी एक अब्ज भागांत अनुक्रमे ११२, २६ आणि ८ भाग अशी धरली आहे. म्हणजे हायड्रोजन सल्फाइडच्या ५० भागांचा पत्ताही लागणार नाही, पण मरकॅप्टनच्या ५० भागांचा लागेल. घरगुती मीटर मात्र सगळ्यांचा मिळून एकच आकडा देतं. दवाखान्यांत वापरलं जाणारं हॅलिमीटरसुद्धा एकच आकडा देतं आणि मरकॅप्टनला तुलनेने कमी दाद देतं. हिरड्यांच्या आजारात नेमका मरकॅप्टन जास्त वाढतो. त्यामुळे हिरड्यांतून रक्त येत असेल, तर आकडा कितीही छान असला तरी डेंटिस्टकडे जाच.

गंधकाशिवायचे वासही असतात. इंडोल, स्कॅटोल, कॅडाव्हरिन हे जिवाणूंनीच तयार केलेले पदार्थ गंधकासाठी बनवलेल्या सेन्सरला सापडत नाहीत. म्हणून ० आला म्हणजे वास नाही, असं समजू नका. अजूनही तपासणीत प्रशिक्षित माणसाच्या नाकालाच शेवटचा मान आहे. डॉक्टर वास घेऊन ० ते ५ असे गुण देतात. घरी तुमच्या विश्वासातल्या एका माणसाला विचारा. मी ताईला विचारते. अवघड वाटतं, पण मीटरपेक्षा तिचं उत्तर खरं निघतं.

याची दुसरी बाजू मला जास्त टोचते. स्वतःच्या वासाला नाक सरावतं, म्हणून आपला आपल्याला अंदाज येत नाही. त्यातून काहीजण वास नसतानाही वर्षानुवर्षं तोंड लपवत राहतात. अशा माणसाच्या हातात मीटर आलं की तो दिवसातून दहादा मोजतो आणि दहातला एक वाईट आकडा घेऊन झुरत बसतो. जवळची माणसं आणि डॉक्टर दोघंही वास नाही म्हणत असतील, तर मीटर कपाटात ठेवा आणि त्या भीतीबद्दलच डॉक्टरांशी बोला.

आकडा खरंच वाढलेला असेल तर

आधी जिभेकडे बघा. मागच्या भागावरचा पांढुरका-पिवळट थर हे दुर्गंधीचं सगळ्यात नेहमीचं घर असतं, आणि ब्रश तिथवर पोचतच नाही. जीभ मागून पुढे हलक्या हाताने खरवडा आणि दोन तासांनी मोजा. आकडा उतरला तर कारण सापडलं. नाही उतरला तर ताईसारख्या कोणाला तरी दोन वास घ्यायला सांगा: एकदा नाक बंद करून तोंडाने सोडलेल्या श्वासाचा, एकदा तोंड मिटून नाकाने सोडलेल्या श्वासाचा. फक्त तोंडाचा वाईट असेल तर दात, हिरड्या, जीभ, टॉन्सिल तपासायचे. फक्त नाकाचा असेल तर नाक-सायनस. दोन्हींचा सारखाच येत असेल, तर वास रक्तातून फुप्फुसांत येत असू शकतो. अशा वेळी दंतवैद्याबरोबर फिजिशियनचीही गाठ घ्या.

मीटरच बिघडलंय का?

खोलीतल्या स्वच्छ हवेत, फुंकर न मारता चालू करून बघा. ० यायला हवा. येत नसेल तर आधी सेल बदला, कारण सेल उतरले की सेन्सर पुरेसा तापत नाही. मग अत्तर, स्प्रे, रंग यांच्यापासून दूर, खिडकीजवळ नेऊन पुन्हा बघा. तरीही काहीतरी आकडा दाखवतच असेल तर सेन्सर जुना झालाय. आणि विकत घेतानाच खोक्यावर नीट वाचा: मद्यपान तपासायची यंत्रं दिसायला हुबेहूब अशीच असतात, पण ती अल्कोहोल मोजतात.