घरातील कामाची खोली पर्यावरणस्नेही करताना: आधी उष्णता, मग यंत्रे

घरून काम केल्याने रोजचा प्रवास टळतो आणि त्यासाठी लागणारे इंधन वाचते, हे खरेच आहे; परंतु कार्यालयातील एका मोठ्या दालनात अनेकांना मिळून पुरणारा गारवा आता प्रत्येकाच्या घरी वेगळा निर्माण करावा लागतो, आणि प्रवासात वाचवलेले बरेचसे तेथेच खर्ची पडते. त्यामुळे या विषयाची सुरुवात बांबूचे पेनस्टँड किंवा पुनर्वापरित कागदाच्या वह्या विकत घेण्यापासून करू नये. आपल्या खोलीत वीज नेमकी कशावर जाते, हे आधी मोजावे.

त्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही. घराच्या वीजमीटरवर एक लहान दिवा लुकलुकत असतो आणि तो किती वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट होते, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. फ्रिजसह घरातील बाकी सर्व उपकरणे दहा मिनिटे बंद ठेवून फक्त कामाच्या खोलीतील नेहमीची उपकरणे चालू ठेवावीत आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. छापलेला आकडा ३२०० असेल आणि दहा मिनिटांत दिवा १६० वेळा लुकलुकला असेल, तर दहा मिनिटांत एका युनिटाचा विसावा भाग, म्हणजे तासाला ०.३ युनिट खर्च झाले; याचाच अर्थ खोलीत सुमारे ३०० वॉट वीज वापरली जात आहे. मग एकेक उपकरण बंद करून हीच मोजणी पुन्हा केली की प्रत्येकाचा वाटा समजतो.

असा हिशेब मांडला की लॅपटॉप हा खरा खादाड नाही, हे लगेच दिसते. ५० वॉटचा लॅपटॉप रोज आठ तास याप्रमाणे महिन्याचे २५ दिवस चालवला, तर १० युनिट होतात. दीड टनाचा एसी तासाला सरासरी एक युनिट घेतो असे धरले, तर तेवढ्याच वेळात तो २०० युनिट खर्च करतो. भारतात एक युनिट वीज तयार होताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो; म्हणजे त्या २०० युनिटांमागे जवळजवळ १४० किलो. शिवाय महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग आजही कोळशावर चालणाऱ्या चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा यांसारख्या केंद्रांतून येतो आणि तेथील राखेचा व धुराचा त्रास विदर्भातील माणसांना सोसावा लागतो. पुण्या-मुंबईत एसीचे बटण दाबताना याचे भान असायलाच हवे.

म्हणून पहिले काम म्हणजे उष्णता खोलीत येऊच न देणे. घरात निवडीला वाव असेल, तर कामासाठी उत्तरेकडे खिडकी असलेली खोली घ्यावी. तेथे वर्षाचा बहुतेक काळ थेट ऊन न येता उजेड मिळतो आणि संगणकाच्या पडद्यावर झळाळीही फारशी पडत नाही. पश्चिमेची खोली दुपारनंतर तापते. अशा खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून आडोसा करणे कितीतरी अधिक परिणामकारक ठरते, कारण ऊन एकदा काचेतून आत आले की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बांबूचा पडदा, छोटे छप्पर किंवा गॅलरीत वाढवलेला वेल यांपैकी काहीही चालेल. सोसायटीत राहणाऱ्यांनी इमारतीच्या दर्शनी भागाविषयीचे नियम मात्र आधी विचारून घ्यावेत. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना खरा त्रास स्लॅबचा असतो, आणि गच्चीला उन्हाळ्यापूर्वी पांढरा परावर्तक रंग किंवा चुना दिल्यास तो बराच कमी होतो.

गारव्याचा उपाय प्रदेशानुसार बदलतो. नागपूर, अकोला किंवा जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर एसीच्या तुलनेत अगदी थोड्या विजेत खोली थंड करतो. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत मात्र तोच कूलर निरुपयोगी ठरतो. पंखा सर्वत्रच उपयोगी आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, तर बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या, ब्रशविरहित) मोटरचा पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज दहा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याच्या २५ दिवसांत सुमारे ११ युनिट वाचतात. नवी वस्तू घेण्यासारखी हीच एक जागा आहे, असे माझे मत आहे.

एसी लावावाच लागला, तर तो २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा चालवावा. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या सांगण्यानुसार तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. एसीतील गारवा देणाऱ्या वायूच्या गळतीकडेही बारकाईने पाहावे. अनेक एसींमध्ये असणारा आर-४१०ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट तापमानवाढ घडवतो. एसीत दरवर्षी गॅस भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवल्याशिवाय कारागिराला नवा गॅस भरू देऊ नये.

यंत्रांच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. लॅपटॉपमुळे होणाऱ्या एकूण प्रदूषणाचा मोठा भाग तो कारखान्यात तयार होतानाच घडून गेलेला असतो, त्यामुळे कमी वीज खाणारा नवा लॅपटॉप घेण्यापेक्षा जुना आणखी तीन-चार वर्षे वापरणे बहुतेक वेळा श्रेयस्कर असते. हार्ड डिस्क काढून एसएसडी (माहिती साठवणारी अधिक वेगवान डिस्क) बसवणे, रॅम वाढवणे, बॅटरी बदलणे आणि आतल्या पंख्यावरील धूळ साफ करून घेणे एवढ्याने मंदावलेले यंत्र पुन्हा कामाला येते. विंडोज १० या संगणकप्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून नियमित मिळणारी सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे अनेक धडधाकट संगणक टाकाऊ ठरवले जात आहेत. त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही संगणकप्रणाली विनामूल्य बसवून पत्रव्यवहार, हिशेब आणि ऑनलाइन बैठका सहज चालवता येतात. लॅपटॉप सतत चार्जरला जोडून ठेवावा लागत असेल, तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवावी, म्हणजे बॅटरी अधिक काळ टिकते. टेबल-खुर्चीसाठी जुना बाजार आधी पाहावा.

कागदाविषयी फार सांगण्याची गरज नाही: पाठकोरे कागद टिपणांसाठी ठेवावेत आणि क्वचितच छपाई करणाऱ्यांनी प्रिंटर घेण्याऐवजी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जावे.

वीज वारंवार जाणाऱ्या गावांत केवळ कामासाठी मोठा इन्व्हर्टर घेतला जातो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असतेच. त्यामुळे राउटरसाठी १२ व्होल्टचा लहान यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर चालू ठेवणारे उपकरण) घेतला तर एक-दोन तासांचे भारनियमन बहुधा निभावते. इन्व्हर्टर आधीच असेल, तर त्याची शिशाची जुनी बॅटरी नवी घेताना विक्रेत्यालाच परत द्यावी.

स्वतःची गच्ची असणाऱ्यांनी सौर पॅनेलचा विचार जरूर करावा. एक किलोवॉटच्या संचाला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि महाराष्ट्रातील उन्हात तो रोज सरासरी चार युनिट वीज देतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकांना दोन किलोवॉटपर्यंत प्रति किलोवॉट ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी ७८,००० रुपये अनुदान ठेवलेले आहे. सदनिकाधारकांना लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांसाठी संपूर्ण सोसायटीच्या वतीने अर्ज करता येतो, आणि त्यासाठी सर्वसाधारण सभेत विषय मांडणारा कोणीतरी लागतो.

राहता राहिला ई-कचरा. रद्दी आणि खोके रद्दीवाल्याला देण्यात काहीच गैर नाही. परंतु संगणक, चार्जर, तारा आणि बॅटऱ्या भंगारात गेल्या, तर तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, सर्किट बोर्डांवर आम्ल ओतले जाते आणि तो विषारी धूर हे काम हातांनी करणाऱ्या माणसांच्या छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर संकलन केंद्राची चौकशी करून वस्तू तेथेच द्यावी. देण्यापूर्वी डिस्कवरील माहिती पूर्ण पुसावी. फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नये, चार्ज करू नये आणि घंटागाडीत तर मुळीच टाकू नये, कारण कचऱ्याच्या ढिगात ती पेट घेऊ शकते. जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर, कोरड्या जागी ठेवून ती लवकरात लवकर केंद्रावर पोहोचवावी.