ब्रेक किंचाळतात, गाडीखाली ओल दिसते: हौसेच्या गाडीत या चुका टाळा

वणीच्या गडावरून नांदुरीकडे उतरताना, शेवटच्या काही वळणांवर आमच्या मारुती ८०० चा मागचा डावा ब्रेक किंचाळायला लागला. बाबांनी १९९७ साली घेतलेली ही गाडी. आता रोजच्या धावपळीची नाही, रविवारी सकाळी गंगापूर धरणापर्यंत चक्कर मारायची, एवढंच तिचं काम. नाशिकला परतल्यावर एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथे ड्रम, म्हणजे चाकातला ब्रेकचा गोल डबा, खोलला, त्याला आतून घासून चाक थांबवणाऱ्या लायनरवर पॉलिश पेपर मारला आणि ‘आता आवाज येणार नाही’ असं सांगितलं. आठ दिवस खरंच आला नाही. मग एका सकाळी त्याच टायरच्या आतल्या बाजूला ओला ओघळ दिसला. ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणारा छोटा व्हील सिलेंडर गळत होता, लायनर भिजत होतं आणि म्हणून ब्रेक ओरडत होता. आम्ही आवाज घालवला आणि गळती तशीच ठेवली.

म्हणून आवाज आला की आधी तो कधी येतो ते ऐका. पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला ओरडते आणि गप्प होते. डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर, चढलेला गंज तिला दाबणाऱ्या पॅडने पुसला जातो, त्यात काळजीचं काही नाही. चालताना बारीक ‘चीं’ येत राहते आणि ब्रेक दाबला की थांबते, तर पॅड संपत आले असं समजा. बऱ्याच पॅडना याचसाठी एक पत्रा लावलेला असतो, पॅड झिजलं की तो डिस्कला घासतो. करकर असा खरवडल्यासारखा आवाज आला तर लोखंडावर लोखंड घासतंय. ती गाडी चालवतच नेऊ नका. कसारा घाट उतरल्यानंतर सुरू झालेला आवाज बहुतेक वेळा तापून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या लायनरचा असतो. तिथे लायनर बदलाच, पण घाट खालच्या गिअरमध्ये उतरायची सवयही लावून घ्या.

आवाज घालवायला पॅडवर किंवा डिस्कवर ऑइल, ग्रीस, गंज सोडवायचा स्प्रे मारणारे लोक मी पाहिलेत. हे कधीही करू नका. आवाज जातो तसा ब्रेकही जातो. तेल प्यायलेलं लायनर धुऊन परत बसवायचंही नसतं, ते टाकून द्यायचं, आणि डावं-उजवं दोन्हीकडचं एकदम बदलायचं. ड्रममधली काळी धूळ हवेच्या पाइपाने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने टिपून घ्या.

आता गळतीकडे. गाडीखाली ओल दिसली म्हणजे ‘ऑइल गळतंय’ असं म्हणून मोकळं होणं ही फार महागात पडणारी घाई आहे. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरा, चारही चाकांच्या जागा पेनाने खुणा करून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर ब्रेकवर संशय घ्या. इंजिनाखाली काळा-तपकिरी, बुळबुळीत डाग इंजिन ऑइलचा. तरीही खात्री होत नसेल तर जुन्या वाटीत पाणी घेऊन थेंब टाका. इंजिन ऑइल वर तरंगतं, ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं. इंजिन थंड ठेवणारं कूलंटही विरघळतं, पण त्याला स्वतःचा रंग असतो.

इथेच नावाने घोटाळा होतो. आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते खनिज तेल नाही. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीत दुसरं कुठलंही तेल गेलं की आतले रबरी सील फुगतात आणि पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरपासून चाकापर्यंत सगळं उघडावं लागतं. सील पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये धुण्याची पद्धतही यासाठीच घातक. ब्रेक ऑइलनेच पुसा. गाडीच्या रंगावर ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग उचलून येतो.

बाटलीतली लेव्हल खाली गेली की भरायची आणि विसरायची, ही सवय मलाही बरीच वर्षं होती. पॅड झिजतात तशी लेव्हल हळूहळू उतरतेच, ते ठीक. पण महिन्याभरात बाटली अर्ध्यावर आली तर कुठेतरी गळती आहेच. ड्रम काढा, व्हील सिलेंडरची रबरी टोपी स्क्रूड्रायव्हरने अलगद उचला. आमच्या गाडीत ती उचलली तेव्हा आतून पिवळट पाणी घळकन बाहेर आलं. टोपीच्या आत एवढी ओल असते तेव्हा सील गेलंय. बाहेर कुठेच ओल नाही, तरी इंजिन बंद असताना पेडल जोरात दाबून ठेवलं की अर्ध्या मिनिटात हळूहळू खाली बसतंय? मग मास्टर सिलेंडर आतल्या आत गळतोय. कधी तो बाहेरही गळतो. ड्रायव्हरच्या पायापाशी, पेडलच्या वरच्या बाजूला हात फिरवून बघा, तेव्हा तिथे ओल सापडते.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ या दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरलेलं १५५ च्या आसपास. घाटात ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल सरळ जमिनीला टेकतं. म्हणून गाडी कमी चालली तरी दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदला. ऑइलची अर्धवट उघडी पडून राहिलेली विकतची बाटली वापरू नका.

ब्रेकच्या पाइपातली हवा, म्हणजे एअर, काढताना सहसा मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. मधेच बॉनेटखालची बाटली रिकामी होऊ दिलीत तर पुन्हा पहिल्यापासून. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावा. आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर बसवलेले शू ड्रमला चिकटतात. सपाट जागा बघा, गिअर टाका, चाकाला वीट लावा.

काम झाल्यावर आम्ही तीन रात्री पुन्हा पेपर पसरला. तिन्ही सकाळी कोरडा निघाला, तेव्हा कॉलनीतल्या रिकाम्या रस्त्यावर वीसच्या वेगात दहा-बारा वेळा ब्रेक मारून बघितले. गडावर गाडी नेली ती त्यानंतरच्या रविवारी.